पिपलानीतली दिघे मॅडमची बायो लॅब

एकाच शाळेत एकवीस वर्षं शिकवलं की पेन्शनपेक्षा किस्से जास्त जमतात. आमच्या अवधपुरीच्या घरी रविवारी चार जुनी माणसं चहाला बसली, की दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, "ते दिघे मॅडमचं सांग ना." मी केमिस्ट्रीची. माझ्या लॅबमध्ये एकवीस वर्षांत दोन बीकर फुटले आणि एकदा पडदा जळाला, एवढंच घडलं. सगळं घडायचं ते शेजारच्या लॅबमध्ये.

शेजारची लॅब बायॉलॉजीची, शरयू दिघे यांची. माहेर ग्वाल्हेर, सासर उज्जैन, नवरा इथल्या मोठ्या कारखान्यात इंजिनिअर. मी साताऱ्याहून लग्न होऊन आलेली, माझाही नवरा त्याच कारखान्यात. कारखान्याच्या पिपलानीतल्या क्वार्टर्समध्ये आमची घरं पाठीला पाठ लावून होती. शाळेत त्या सगळ्यांच्या दिघे मॅडम, माझ्या शरयूताई.

०००

पहिल्याच महिन्यात मी स्टाफरूममध्ये बोलून गेले, "बायो म्हणजे काय, पाठांतर." शरयूताई कोपऱ्यात वह्या तपासत होत्या. मधल्या सुट्टीत मला हाताला धरून लॅबमध्ये नेलं, काडेपेटीतली एक काडी काढली, गुलाचं टोक मोडून टाकलं आणि म्हणाल्या, "आ कर."

मी आ केला. त्यांनी गालाच्या आतून काडी हलकेच फिरवली, काचेवर पुसली, निळ्या रंगाचा एक थेंब टाकला आणि काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. "बघ."

आधी नुसतं धुरकट निळं दिसलं. मग त्यांनी माझा हात धरून स्क्रू फिरवला आणि एकदम स्पष्ट झालं. फरशीच्या वेड्यावाकड्या तुकड्यांसारखे पातळ तुकडे, प्रत्येकाच्या मधे एक गडद निळा ठिपका.

"ठिपका म्हणजे केंद्रक. भोवतीचं फिकट ते पेशीद्रव्य. आणि कडेची बारीक रेघ दिसते ना, ते पटल. ही तू."

मी बराच वेळ डोळा काढला नाही. मग विचारलं, "या काढल्या त्याचं काय? माझं काही कमी झालं का?"

"काही नाही. अशा रोज ढिगाने गळतात, खालून नव्या येतात."

"मग गळलेल्या जातात कुठे?"

"तू गिळतेस."

"म्हणजे मी रोज स्वतःलाच खाते?"

"चतुर्थीला सुद्धा," शरयूताई म्हणाल्या आणि घंटा झाली म्हणून वर्गावर गेल्या.

पाठांतराबद्दल मी पुन्हा कधी बोलले नाही.

०००

त्यांचा एक नियम होता. मायक्रोस्कोपमधून जे दिसेल तेच वहीत काढायचं. पुस्तकातली आकृती उतरवली की शून्य.

एका मुलाने कांद्याच्या सालीच्या पेशींऐवजी एक जाड, वाकडा, काळा ओंडका काढला. बाकी काही नाही. वर्ग हसला. शरयूताईंनी वहीत लिहिलं, "निरीक्षण उत्तम. ही तुझी पापणी आहे. डोळा थोडा मागे घे." आणि दहापैकी आठ मार्क दिले. शेजारच्या हुशार मुलीने पुस्तकातली सुंदर, रंगवलेली पेशी काढली होती. तिला शून्य. ती घरी जाऊन रडली, वडील भांडायला आले. शरयूताईंनी त्यांनाच मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि म्हणाल्या, "इसमें गुलाबी क्या दिख रहा है, मुझे दिखाइए।" वडील पाच मिनिटांनी उठले आणि मुलीला म्हणाले, "बेटा, मैडम सही हैं।"

या नियमाची खरी परीक्षा झाली ती बारावीच्या प्रॅक्टिकलला. बाहेरगावचे परीक्षक आले होते. वयस्कर, कडक, हातात लाल पेन. नंदिनी नावाच्या मुलीने कांद्याची साल लावली आणि जे दिसलं ते काढलं. विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या लांबट पेशी, जाड भिंती, प्रत्येकीत कडेला सरकलेलं एक केंद्रक. बस.

परीक्षकांनी विचारलं, "माइटोकॉन्ड्रिया कहाँ है?"

"सर, दिखा नहीं।"

"किताब में तो है।" आणि त्यांनी लाल पेनाने मार्क कापले.

नंदिनीला मेडिकलला जायचं होतं. त्यासाठी एकेक मार्क महत्त्वाचा. मी दारातून बघत होते. बाहेरच्या परीक्षकाशी वाद घालायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पुढच्या वर्षी तो राग दुसऱ्या मुलांवर निघतो हे सगळ्यांना माहीत होतं.

शरयूताईंनी खुर्ची पुढे केली. "सर, बैठिए। आपको दिख जाए तो इसके पूरे नंबर काट लीजिए।"

"मैडम, किताब में साफ़ छपा है।"

"किताब इस माइक्रोस्कोप से नहीं छपी, सर।"

परीक्षक बसले. चष्मा काढला, पुन्हा लावला. स्क्रू खाली केला, वर केला. आरसा फिरवला. लॅबमध्ये वीस मुलं हातातलं काम सोडून बघत उभी. शेवटी ते उठले, नंदिनीची वही ओढली, कापलेले मार्क खोडून पूर्ण दिले आणि शेजारी सही केली.

दुपारची बॅच आत आली तेव्हा तेच परीक्षक फळ्यापाशी उभे राहून मुलांना बजावत होते, "एक बात ध्यान रखना। जो दिखे, वही बनाना। यह मेरा उसूल है।"

शरयूताई मागे उभ्या राहून मान डोलावत होत्या.

०००

गणपतीत आमच्या मराठी मंडळाचं जेवण असायचं. एका वर्षी दोनशे माणसांच्या कोशिंबिरीची जबाबदारी माझ्याकडे आली. मी आणि आणखी दोघींनी सकाळपासून काकड्या चोचवल्या, दाण्याचं कूट घातलं, मीठ घातलं आणि पातेलं झाकून आरतीला गेलो. दोन तासांनी झाकण काढलं तर कोशिंबीर पाण्यात पोहत होती.

शरयूताईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "मीठ कधी घातलंस?"

"मघाशीच."

"केमिस्ट्रीत एमएस्सी झाली आहेस ना? बाहेर खारट झालं की पेशीतलं पाणी पटलातून बाहेर येणार. ऑस्मॉसिस. मुलांना शिकवतेस आणि स्वतः विसरतेस."

मी रडकुंडीला आले. पंगत मांडली होती. त्यांनी पदर खोचला, चाळणीवर कोशिंबीर निथळत ठेवली, कूट नव्याने घातलं, वरून दही. आणि ते पातेलंभर खारट, हिरवट पाणी पुऱ्यांच्या कणकेत ओतायला लावलं.

पंगत उठल्यावर मंडळाचे सेक्रेटरी मुद्दाम स्वयंपाकघरात आले. कोशिंबिरीबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, "पुऱ्यांची रेसिपी कोणाची?"

शरयूताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

०००

नववीच्या वर्गात बहुतेक सगळ्यांचे वडील कारखान्यातच. त्यामुळे पेशीचे भाग शिकवताना शरयूताई फळ्यावर कारखानाच काढायच्या. केंद्रक म्हणजे साहेबांचं ऑफिस, डीएनए म्हणजे तिथल्या कपाटातली ड्रॉइंग्ज. रायबोसोम म्हणजे शॉप, ड्रॉइंग बघून माल बनवणारा. मायटोकाँड्रिया पॉवरहाउस. गॉल्जी म्हणजे पॅकिंग आणि डिस्पॅच. मुलं खूश. "मैडम, मेरे पापा राइबोसोम," "मेरे पापा पैकिंग में," असा गलका व्हायचा.

रेखा नावाची मुलगी गप्प बसली होती. तिचे वडील गेटवर सिक्युरिटी गार्ड. मागून एक मुलगा म्हणाला, "इसके पापा तो बस गेट पर बैठे रहते हैं।" वर्ग हसला. रेखाने मान खाली घातली.

गलका ऐकून मी दारात येऊन उभी राहिले होते. मला वाटलं आता त्या मुलाला उभं करतील. शरयूताई फळ्याकडे वळल्या. डस्टर घेऊन फळ्यावरचं केंद्रक पुसलं.

"साहब का दफ़्तर गया। अब यह काम करेगी?"

"नहीं, मैडम।"

"करेगी. तुम्हारे खून की लाल कोशिका ऐसी ही होती है। केंद्रक नहीं, फिर भी चार महीने ऑक्सीजन ढोती है।" मग मायटोकाँड्रिया पुसले. "पॉवरहाउस भी गया। लाल कोशिका में यह भी नहीं होता। फिर भी काम चालू है।" मग त्यांनी डस्टर बाहेरच्या रेघेवर, म्हणजे पटलावर, झिल्लीवर ठेवलं आणि सावकाश सगळीकडून फिरवत ती पूर्ण पुसून टाकली. फळ्यावर नुसते काही ठिपके उरले.

"अब?"

शरयूताईंनी डस्टर खाली ठेवलं.

"अब कोशिका है ही नहीं। थोड़ा सामान है, पानी में घुला हुआ। झिल्ली बैठी नहीं रहती। किसे अंदर आने देना है, किसे नहीं, यह हर पल वही देखती है। सबसे पहले झिल्ली, बाकी सब बाद में।"

रेखाने मान वर केली. घंटा झाली.

आठवड्याभराने शरयूताईंचे यजमान सकाळी गडबडीत गेटपास घरी विसरून ड्यूटीवर गेले. सीनियर इंजिनिअर, पंधरा वर्षं रोज त्याच गेटमधून जाणारे. एरवी गार्ड नुसता सलाम करायचा. त्या दिवशी आडवा आला.

"अरे, मुझे पहचानते नहीं क्या?"

"पहचानता हूँ, साहब. दिघे मैडम के साहब हैं आप।"

"तो फिर?"

"मैडम ने मेरी बिटिया को बताया है, झिल्ली ढीली पड़ी तो कुछ नहीं बचता। पास ले आइए, साहब।"

दिघे साहेब स्कूटर वळवून घरी आले, लाल होऊन. शरयूताईंनी सगळं ऐकून घेतलं, पास हातात दिला आणि म्हणाल्या, "माझा निरोप सांगा त्याला. म्हणावं, उत्तम."

०००

आमचे मायक्रोस्कोप आरशाचे. खालच्या आरशात खिडकीतला उजेड धरायचा आणि तो स्लाइडवर पाडायचा. एका पावसाळ्यात सहा दिवस आभाळ असं दाटलं की दुपारीही दिव्यांची गरज भासत होती, आणि त्यात वीजही नव्हती. शरयूताईंनी तळ्याच्या पाण्यात उकळलेला पेंढा घालून बरणी ठेवली होती, मुलांना पॅरामिशियम दाखवायला. ऐन भरात आली होती. आणखी दोन दिवस गेले असते तर सगळं मेलं असतं.

शरयूताई खेळाचे शिक्षक ठाकूर सर यांच्याकडे गेल्या. "सर, आपका स्कूटर चाहिए।"

"कहाँ जाना है, मैडम?"

"कहीं नहीं।"

सायकल स्टँडच्या पत्र्याखाली ठाकूर सरांची स्कूटर उभी केली. समोर स्टुलावर मायक्रोस्कोप, हेडलाइट थेट आरशावर. पण हेडलाइट इंजिन चालू असल्याशिवाय लागायचा नाही, आणि रेस दिली की प्रखर, सोडली की मंद. तेव्हा ठाकूर सर, सहा फुटी माजी हॉकीपटू, स्टँडला लावलेल्या स्कूटरवर बसून रेस देत होते आणि शरयूताई सांगत होत्या, "थोड़ा कम, सर. बस. अब पकड़े रहिए।" पत्र्याखाली धूर, आवाज आणि चाळीस मुलांची रांग.

तो आवाज ऐकून प्राचार्य सक्सेना तरातरा आले. वर्गाबाहेर एक मूल दिसलेलं त्यांना खपायचं नाही. "यह क्या तमाशा है?"

शरयूताई रांगेतल्या मुलाला म्हणाल्या, "सर को आगे आने दो।"

सक्सेना सर वाकले. आत चपलेच्या तळव्याच्या आकाराचा एक पारदर्शक जीव सरकत चालला होता, अंगभर बारीक केस हलवत. पेंढ्याच्या कणावर आपटला. थोडा मागे आला, किंचित वळला, पुन्हा पुढे निघाला. पुन्हा आपटला. पुन्हा मागे, पुन्हा वळला. तिसऱ्यांदा कणाच्या बाजूने निघून गेला.

"इसका दिमाग़ कहाँ है?" सर न उठता म्हणाले.

"दिमाग़ नहीं है, सर. पूरा जीव एक ही कोशिका है। खाना, चलना, पानी बाहर फेंकना, सब उसी में।"

"फिर इसे पता कैसे चलता है कि मुड़ना है?"

चाळीस मुलांसमोर शरयूताई म्हणाल्या, "पूरा तो मुझे भी नहीं मालूम, सर. पढ़कर बताऊँगी।"

सर घंटा होईपर्यंत हलले नाहीत. अर्ध्या रांगेला दुसऱ्या दिवशी यावं लागलं.

पुढच्या महिन्यात स्टाफ मीटिंगला टाइमटेबलवरून दोन शिक्षक भांडले. दोघेही मागे हटेनात. सक्सेना सरांनी दहा मिनिटं ऐकलं आणि टेबलावर हात ठेवला. "थोड़ा पीछे हटिए, थोड़ा मुड़िए, फिर चलिए। बिना दिमाग़ का जीव भी कर लेता है।"

०००

जमना अकरावीत आमच्याकडे आली. वडील कारखान्याच्या कँटीनमध्ये, कुटुंब बैतूलकडचं. मुलगी अबोल, किडकिडीत, डोळे जरा पिवळसर. दर महिन्याला तीन-चार दिवस गैरहजर. पीटीला तर नेहमीच काहीतरी कारण. ठाकूर सरांचा पीटीबाबत हिशोब सरळ होता. बुडवली की पुढच्या वेळी ग्राउंडला जादा चक्कर. माणूस वाईट नव्हता. पहाटे स्वतः ग्राउंडवर पाणी मारायचा, पोरांना स्वतःच्या डब्यातलं खायला घालायचा. पण कामचोरी त्याला सहन व्हायची नाही, आणि जमना कामचोर आहे हे त्याने ठरवून टाकलं होतं.

तेव्हा रक्ताची स्लाइड मुलं स्वतःच्याच बोटाची करायची. आता तसं करत नाहीत. त्या दिवशी शरयूताई टेबलामागून टेबल बघत जमनापाशी आल्या, डोळा लावला आणि तिथेच थांबल्या. मग मला हाक मारली. "मंदा, इकडे ये. तुला काय दिसतं ते सांग."

मी पाहिलं. गोल, मधे फिकट, बशीसारख्या लाल पेशी. आणि त्यांच्यात अधूनमधून बारीक, वाकड्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. विळ्यासारख्या.

"स्लाइड नीट पसरली नसेल," मी म्हटलं.

त्यांनी दुसरी काढली. दुसरीतही त्याच होत्या.

वर्ग सुटल्यावर त्यांनी जमनाला शेजारी बसवलं. "हाथ-पैर दुखते हैं?"

"हड्डी के अंदर दुखता है, मैडम. ठंड में बहुत।"

"किसी को बताया?"

"माँ कहती है काम से बचने के बहाने हैं। सर भी यही कहते हैं।" जरा थांबून म्हणाली, "मुझे भी लगने लगा था कि शायद बहाना ही होगा।"

"मैं डॉक्टर नहीं हूँ," शरयूताई म्हणाल्या. "कल सुबह माँ को लेकर आना। साथ चलेंगे।"

दुसऱ्या दिवशी पहिले दोन तास मी त्यांचे वर्ग घेतले. टाउनशिपच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त घेतलं, काही दिवसांनी रिपोर्ट आला. सिकल सेल. जन्मापासूनच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. भरपूर पाणी प्यायचं, थंडी टाळायची, दम लागेपर्यंत पळायचं नाही, असं समजावलं. जमनाची आई सगळं ऐकत उभी होती. बाहेर आल्यावर तिने मुलीच्या खांद्यावरचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला लावलं आणि बस स्टॉपपर्यंत तिचा हात सोडला नाही, असं शरयूताईंनी मला सांगितलं.

जमना पुढे बारावी झाली, बीए झाली. आज बैतूलला शाळेत शिकवते. दुखणं आहेच, पण सांभाळते.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी शरयूताईंनी ठाकूर सरांना लॅबमध्ये बोलावलं. मीही होते. त्यांनी आधी साधी स्लाइड लावली. "यह हमारे-आपके जैसी। गोल है, नरम है। बाल से बारीक नली में से भी मुड़कर निकल जाती है।" मग जमनाची लावली. "यह अकड़ जाती है। मुड़ती नहीं, अटकती है। जहाँ अटकती है, वहाँ दुखता है। दौड़कर दम फूला, ऑक्सीजन कम पड़ी, तो और कोशिकाएँ ऐसी हो जाती हैं।"

ठाकूर सर बराच वेळ पाहत होते. एवढा मोठा माणूस, त्या लहानशा स्टुलावर वाकून बसलेला. मग डोळा न काढता म्हणाले, "मैंने उससे कितने चक्कर लगवाए हैं?"

"मुझे क्या मालूम, सर."

"मुझे मालूम है।" ते उठले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीटीच्या तासाला ग्राउंडच्या कडेला, कडुनिंबाच्या सावलीत एक खुर्ची मांडलेली होती. ठाकूर सरांनी जमनाला बोलावून तिथे बसवलं. गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली, स्टॉपवॉचही दिलं. ती शिट्टी त्यांनी कधी कोणाला धरायलाही दिली नव्हती. सगळी मुलं रांगेत उभी. त्यांना वाटलं आता आपल्याला पळायचंय.

"बजा," सर म्हणाले.

जमनाने शिट्टी वाजवली. आणि ठाकूर सर एकटेच पळायला लागले.

पहिल्या चक्कराला मुलं हसली. दुसऱ्यालाही हसली. चौथ्या चक्करानंतर कोणी हसेना. पन्नाशीला आलेला माणूस, गुडघा जुना दुखावलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. शरयूताई आणि मी लॅबच्या खिडकीत उभ्या होतो. वर्गावर जायची वेळ झाली होती, पण दोघींपैकी कोणी हललं नाही.

सातवा चक्कर पुरा करून सर खुर्चीपाशी आले तेव्हा जमना उठून उभी राहिली. "बस, सर. सात हो गए। सात ही थे।"

ठाकूर सर कमरेवर हात ठेवून क्षणभर धापा टाकत उभे राहिले.

"झूठ मत बोल," ते म्हणाले, "ग्यारह थे।" आणि पुन्हा पळायला लागले.